गिधाडांची बदनामी

बीड जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी, मग ते केज असो, गेवराई असो की धारूर, तहसील कचेरीच्या आवारात तासभर उभे राहिले तर एक नाट्यप्रवेश हमखास पाहावयास मिळतो. लिंबाच्या एकाच झाडाखाली दोन माणसे एकमेकांकडे पाठ करून बसलेली असतात. दोघांची नाकडोळ्यांची ठेवण एक, दोघांच्या पिशवीतील सातबाऱ्याचे उतारे तेच, आणि दोघांचा अर्ज लिहून देणारा अर्जनवीसही पुष्कळदा एकच. सकाळी ती एकाच एसटीने आलेली असतात व संध्याकाळी त्याच एसटीने परत जावयाची असतात. मधल्या वेळात एकमेकांस कोर्टाची पायरी दाखविण्याचे काम तेवढे उरकावयाचे असते. दोघांच्या मधोमध त्यांचा बाप बसलेला असतो. कोणाच्या बाजूला सरकावे हे त्याला ठरविता आलेले नसते.

तंटा कशाचा म्हणून चौकशी केली तर ऐकणाऱ्याला हसू आवरणे कठीण जाते. बांधावर आंब्याचे झाड आहे. बुंधा एकाच्या शिवारात, सावली दुसऱ्याच्या. सावलीमुळे पिकाचे नुकसान होते म्हणून सावलीवाला आंबे मागतो, आणि बुंधेवाला म्हणतो की सावली फुकट दिली हेच पुष्कळ झाले. विहिरीत चार आणे हिस्सा आहे, पण मोटारीत नाही. मोटारीत आहे, पण वीजबिलात नाही. नांगरणीच्या वेळी दर साली वीतभर बांध कोरला जातो, आणि कोरणारा भाऊ गावच्या सप्ताहात पखवाजाच्या साथीने रामायणातील भरतभेट डोळे पुसत ऐकतो. यात ढोंग आहे असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्याचे रडणेही खरे असते आणि बांध कोरणेही खरे असते.

या प्रहसनाचा सर्वांत काळा भाग म्हणजे आईबापांची वाटणी. आई थोरल्याकडे, बाप धाकट्याकडे, अशी सरळ विभागणी कोठे होते. कोठे महिन्यांच्या पाळ्या लागतात, आणि मग एकतीस दिवसांचा महिना कोणाच्या वाट्यास गेला याचाही हिशेब होतो. चाळीस वर्षे एका चुलीपुढे जेवलेले म्हातारा-म्हातारी एकाच वाड्याच्या दोन टोकांना, मध्ये नवी भिंत घालून, वेगवेगळ्या ताटांत जेवतात. आईबापांस पोसणे हे मुलांचे कर्तव्य आहे असे सांगण्यासाठी या पुंडलिकाच्या देशाला २००७ साली संसदेत कायदा करावा लागला, आणि त्या कायद्याखालील अर्ज घेऊन म्हातारी माणसे प्रांताधिकाऱ्याच्या दारात उभी राहू लागली.

वृत्तपत्रांना ही भाऊबंदकी दिसत नाही. त्यांना जिल्ह्यातील राजकीय घराण्यांची भाऊबंदकी दिसते. ती ते चवीने छापतात आणि वाचकही चवीने वाचतात. तेथे वाटणी सत्तेची असते व वाटून घेण्याजोगे पुष्कळ उरलेले असते. लिंबाच्या झाडाखाली बसलेल्यांच्या वाटणीस आलेला तुकडा मात्र असा असतो की तो संपूर्ण एकाला दिला तरी त्याचे भागत नाही.

मराठी रंगभूमीने हा विषय फार पूर्वी ओळखला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ साली ‘भाऊबंदकी’ या नावाचेच नाटक लिहिले. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला, पुतण्याच्या मृत्यूनंतर राघोबादादा गादीवर आला आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी त्याला न्यायाची वाट दाखविली, हा त्या नाटकाचा विषय. ते राजघराण्याचे नाटक होते, त्यामुळे त्यातला लोभही राजवस्त्रे लेवूनच आला. त्या लोभाला साध्या घरातले कपडे चढविले ते विजय तेंडुलकरांनी ‘गिधाडे’मध्ये. हे नाटक लिहून झाल्यावर जवळजवळ दशकभर पडून राहिले आणि १९७० साली थिएटर युनिटने डॉ. श्रीराम लागू यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आणले. थोरल्या भावाची, रमाकांतची, भूमिका स्वतः लागूंनी केली.

ज्यांनी हे नाटक पाहिले वा वाचले नाही त्यांच्यासाठी त्यातील घराचा ताळेबंद थोडक्यात मांडावयास हवा. पपा ऊर्फ हरी पितळे याने सख्ख्या भावाला, सखारामला, धंद्यात बुडवून घर उभे केले आहे. त्याला तीन मुले: रमाकांत, उमाकांत आणि अविवाहित मुलगी माणिक. चौथा रजनीनाथ, अनौरस. तो घराबाहेर गॅरेजमध्ये राहतो. रमाकांतची बायको रमा ही या घरातली एकमेव ऋजू व्यक्ती, आणि म्हणूनच घरातल्या सगळ्यांच्या पायाखाली येणारी. धंदा बुडत चालला आहे. बापाने कोठेतरी पैसा दडविला असणार या संशयाने मुले त्याच्याभोवती फिरतात, दारूच्या नशेत मारामारीचा देखावा उभा करतात आणि त्याच्याकडून पैशाचा ठावठिकाणा काढून घेतात. पुढे बहिणीचे एका संस्थानिकाशी संबंध असून तिला दिवस गेल्याचे कळते. तेव्हा त्या संस्थानिकाकडून पैसे उकळण्याचा बेत हे भाऊ आखतात, आणि बहीण निसटू नये म्हणून तिचा पाय मोडतात. बेत पक्का होतो न होतो तोच संस्थानिक हृदयविकाराने मरतो, आणि लुटण्यासाठी मांडलेला सगळा डाव हवेत विरतो.

हा प्रसंग लिहून सांगितला तर भीषण वाटतो; रंगमंचावर मात्र त्यात हसू फुटते. दोन दारुडे भाऊ सावकारी कारस्थान रचतात, आपल्याच हुशारीवर खूश होतात, आणि ज्या सावजावर सगळा हिशेब बेतलेला ते सावजच मरून मोकळे होते. हसता हसता प्रेक्षकाच्या ध्यानी येते की आतल्या खोलीत एक बाई मोडलेला पाय घेऊन पडली आहे. तेंडुलकरांचे सामर्थ्य या हसण्यात आहे. त्यांच्यावर त्या काळी झालेली टीका मुख्यतः हिंसा, शिव्या आणि अश्लीलता या तीन शब्दांभोवती फिरत राहिली. परिनिरीक्षण मंडळाने साडीवरील रक्ताच्या लाल डागास हरकत घेतली. तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि प्रयोगापूर्वी प्रेक्षकांना सांगण्यात आले की निळा दिसणारा डाग लाल समजावा. शासनाने केलेला विनोद नाटकातल्या विनोदाच्या तोडीचा होता, एवढे म्हणून तो प्रसंग सोडून देता येईल. खरा प्रश्न निराळाच आहे. ‘असे भाऊ आपल्या समाजात नसतात’ असे जे म्हणत होते, त्यांनी वाटणीच्या दाव्यांचे दप्तर कधी उघडून पाहिले होते काय?

एका बाबतीत टीकाकार आणि नाटकाचे चाहते यांचे एकमत होते. दोघेही पितळे कुटुंबाकडे विकृत माणसांचे कुटुंब म्हणून पाहत होते. एक पक्ष म्हणे विकृती दाखवू नये, दुसरा म्हणे दाखवावी. ही माणसे विकृत का होत गेली, हे विचारण्याची गरज कोणासच फारशी वाटली नाही. वस्तुतः नाटकाची रचनाच त्याचे उत्तर देते. या घरात दर अंकागणिक हिस्सेदारांची संख्या घटत जाते. आधी काका बाहेर, मग बाप, मग बहीण, आणि अखेर दोन भाऊच एकमेकांसमोर उभे ठाकतात. प्रत्येक वेळी उरलेल्यांची एकजूट होते ती गेलेल्याविरुद्ध, आणि काम फत्ते होताच ती एकजूट मोडते. यात स्वभावाचा भाग असेलच. पण स्वभावापेक्षा अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की या घरात कोणीही काही निर्माण करीत नाही. धंदा बापाने उभारला, तोही चोरीचा. मुलांनी तो फक्त खाल्ला. ज्या घरात मिळकत वाढत नाही आणि खाणारी तोंडे कायम राहतात, तेथे एकाचा घास म्हणजे दुसऱ्याची उपासमार, एवढेच गणित शिल्लक राहते. असल्या गणितात सज्जन माणूस टिकत नाही. रमा टिकली नाही.

आता हेच गणित पितळ्यांच्या घरातून उचलून बालाघाटच्या डोंगरावर आणून ठेवावे. योगायोग असा की ‘गिधाडे’ रंगमंचावर आले त्याच सुमारास, १९७०-७१ साली, देशातील पहिली कृषिगणना झाली. तिच्यानुसार महाराष्ट्रात सुमारे ४९.५ लाख वहितीची खाती होती आणि सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकरांच्या आसपास होते. २०१५-१६ च्या गणनेत खाती सुमारे १ कोटी ५३ लाख झाली आणि सरासरी क्षेत्र १.३४ हेक्टरवर, म्हणजे सव्वातीन एकरांवर आले. जमीन जवळजवळ तेवढीच, खाती तिप्पट. एका आयुष्यात, म्हणजे नाटकातला उमाकांत तरुणाचा म्हातारा होईतो, साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर झाले. हे सरासरीचे आकडे आहेत. आणि सरासरीत बागाईतदाराचे पंचवीस एकरही मोजले जातात, हे ध्यानी घेतले म्हणजे लिंबाखाली बसलेल्या दोघांच्या पिशवीत काय असेल याची कल्पना यावी.

ही प्रक्रिया काही १९७० साली सुरू झाली नाही. डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली पुस्तक प्रसिद्ध केले. १७७१ साली त्या गावात सरासरी ४० एकरांचे असलेले खाते त्यांच्या पाहणीच्या वेळी ७ एकरांवर आले होते, आणि ते सातही एकर एका ठिकाणी नव्हते. म्हणजे शनिवारवाड्यात पुतण्या कापला गेला त्या सुमारास पिंपळ्याच्या कुणब्याकडे ४० एकर होते. त्या काळी गावांत भाऊबंदकी नव्हती असे नव्हे. वतनाचे तंटे, गोतसभा, दिव्ये यांनी जुनी दप्तरे भरलेली आहेत. परंतु तंटा पाटीलकीच्या मानपानाचा होता, होळीची पोळी आधी कोणी टाकावी याचा होता; पोटाचा तंटा नंतरचा.

यावर शहाण्या माणसांनी सुचविलेला उपाय नेहमी एकच असतो: वाटणीला बंदी करा. मुंबई प्रांतात १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झालाही. मराठवाडा तेव्हा निजामी राजवटीखाली होता, त्यामुळे येथे असले कायदे मागाहून आले. त्यांनी तुकड्याची नोंद थांबली, तुकडा पडणे थांबले नाही. सातबाऱ्यावर सामाईक नाव आणि जमिनीवर चार बांध अशी दुहेरी व्यवस्था त्यातून निपजली, आणि पुढील पिढीच्या दाव्यांची पेरणी झाली. असे होणार हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ सालीच, हिंदुस्थानातील लहान धारणक्षेत्रांवरील आपल्या निबंधात, स्पष्ट केले होते. शेत लहान की मोठे हे एकरांनी ठरत नाही. त्यावर राबणारे हात आणि लागणारे भांडवल यांच्याशी असलेल्या प्रमाणाने ठरते. दोष वारसाहक्काच्या कायद्याचा नसून शेतीवर लादलेल्या जादा माणसांचा आहे, आणि त्यांना उद्योगधंद्यांत काम मिळाल्याखेरीज तुकडे जोडण्याच्या योजना व्यर्थ आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. या निबंधास शंभरांहून अधिक वर्षे लोटली. बीड शहरात रेल्वेगाडी यावयास २०२५ साल उजाडले. परळीचे औष्णिक केंद्र, काही साखर कारखाने, सरक्या काढणाऱ्या जिनिंग गिरण्या एवढे सोडले तर जिल्ह्यातील शेतीबाहेरच्या हातांना काम कोठे आहे? ते आहे सांगली-कोल्हापूरच्या आणि कर्नाटकाच्या उसाच्या फडात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, नवराबायको मिळून एक ‘कोयता’ व्हावयाचे आणि दिवाळीच्या सुमारास गाव सोडावयाचे. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने करणारा हा शब्द कोणत्याही नाटककाराला सुचला नसता.

कोयत्याने भावांच्या तंट्याला नवे वळण दिले आहे. पूर्वी दोघे भाऊ बारा महिने समोरासमोर राहत. आता एक फडावर आणि एक गावात. गावात राहिलेला भाऊ दोघांची जमीन पाहतो, म्हाताऱ्यांना भाकर घालतो, फडावर गेलेल्याची पोरे सांभाळतो, आणि या सर्वांचा मोबदला म्हणून बांध दोन हात सरकवितो. फडावरचा सहा महिन्यांनी परततो तो उचल फिटली नाही या चिंतेत, आणि त्याला दिसतो तो सरकलेला बांध. दोघांपैकी लबाड कोण? गावातल्याचे श्रम कोणी मोजलेले नाहीत, फडावरच्याचे श्रम मुकादमाने चुकीचे मोजलेले आहेत. ज्या साखरेच्या अर्थकारणाने दोघांनाही नागविले ते तहसील कचेरीच्या आवारात प्रतिवादी म्हणून हजर नसते. हजर असतो तो भाऊ, आणि तो हाताशी सापडतो.

भावांच्या वैराचे रूप वाटणीच्या पद्धतीवर किती अवलंबून असते हे पाहावयाचे तर आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका नाटकाकडे वळावे लागेल. मार्टिन मॅकडोना या नाटककाराचे ‘द लोनसम वेस्ट’ हे नाटक १९९७ साली गॉलवे येथे प्रथम झाले. लीनेन या खेड्यात कोलमन आणि व्हॅलीन हे दोन प्रौढ, अविवाहित भाऊ एका घरात राहतात. केसांच्या वळणाची थट्टा केली एवढ्यावरून कोलमनने बापाला गोळी घातली आहे. व्हॅलीनने ‘हा अपघात होता’ अशी साक्ष देण्याचे कबूल केले, आणि मोबदल्यात कोलमनचा संपूर्ण वारसा आपल्या नावे करून घेतला. आता घरातली प्रत्येक वस्तू व्हॅलीनची आहे, आणि तो प्रत्येक वस्तूवर आपल्या नावाचे आद्याक्षर लिहून ठेवतो: शेगडीवर, संतांच्या प्लॅस्टिकच्या मूर्तींवरसुद्धा. गावचा पाद्री त्यांच्यात समेट व्हावा म्हणून चिठ्ठी लिहून स्वतः तळ्यात जीव देतो. त्याच्या इच्छेखातर दोघे भाऊ एकमेकांची क्षमा मागावयास बसतात. पण प्रत्येक कबुली आधीच्या कबुलीहून भयंकर ठरत जाते आणि क्षमायाचनेचीच स्पर्धा लागते. हसून मुरकुंडी वळावी असा हा प्रवेश आहे.

आयर्लंडातही एकेकाळी जमिनीचे तुकडे पडत होते. बटाट्याच्या दोन ओळींवर एकेक कुटुंब जगत होते. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळाने ती व्यवस्था मोडली. पुढे तेथे शेत एकाच मुलाला देण्याची रीत रूढ झाली; बाकीच्यांनी अमेरिकेची बोट धरावी किंवा भावाच्या घरी अविवाहित म्हातारे व्हावे. त्यामुळे आयरिश नाटकातील वैर हे ‘सर्व याचे, त्याचे काहीच नाही’ असे आहे, आणि म्हणून व्हॅलीनच्या हाती ते शाईचे पेन आहे. मराठी वैर निराळे. येथे कायद्याने सर्व भाऊ समान आहेत, आणि समान वाटणी इतकी समान होते की कोणाच्याच हाती काही लागत नाही. आपल्याकडे वस्तूवर नाव लिहीत नाहीत, वस्तू कापतात. लीनेनचे भाऊ आणि गेवराईचे भाऊ समोरासमोर आले तर त्यांना एकमेकांची भाषा समजणार नाही, पण एकमेकांचा हिशेब तत्काळ समजेल.

समान वाटणी असे म्हटले खरे. पण समान कोणामध्ये, हे विचारले पाहिजे. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ विजया मेहतांनी १९८५ साली रंगभूमीवर आणले. विदर्भातील धरणगावच्या देशपांड्यांच्या त्या वाड्यात बाप नुकताच गेला आहे आणि तेराव्याच्या खर्चावरून भावांत ओढाताण चालू आहे. थोरला भास्कर किल्ल्या सोडत नाही, मुंबईकर सुधीर हिस्सा सोडत नाही, दारात ट्रॅक्टर गंजत पडला आहे. प्रतिष्ठेचे जेवण घालण्यासाठी वाड्याचाच भाग विकावा लागतो. म्हणजे वाडा कसा वाटावा या वादात वाडाच जातो. या नाटकावर बोलताना नेहमी भास्कर-सुधीरविषयी बोलले जाते. परंतु या घरात धाकटा चंदू आहे. तो न कुरकुरता राबतो, आणि त्याच्या पायाची जखम चिघळत असताना ती पाहावयास कोणाला सवड नाही. प्रभा आहे. तिला शिकावयाचे होते, तिला शिकू दिले नाही. ‘गिधाडे’त माणिक, ‘वाड्या’त प्रभा. भावांच्या नाटकाची किंमत पुन्हा पुन्हा बहिणीने मोजली आहे, आणि ती ज्या मिळकतीसाठी मोजली त्या मिळकतीत तिचे नाव नाही.

कायद्यात आज तिचे नाव आहे. महाराष्ट्राने १९९४ साली, देशाच्या आधी अकरा वर्षे, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला सहदायाद ठरविले. २००५ साली केंद्राने तेच केले, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच मिळतो असे स्पष्ट केले. कायदा झाला आणि गावोगाव एका दस्तऐवजाची मागणी वाढली. त्याचे नाव हक्कसोडपत्र. बाप वारल्यावर दहावे-तेरावे आटोपले की भाऊ बहिणींना गाडीत घालून तालुक्याला नेतात. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे भाऊ त्या दिवशी एका गाडीत बसतात; पितळ्यांच्या घरातली ती तात्पुरती एकजूट येथे डोळ्यांनी पाहता येते. बहिणीला साडीचोळी होते, हॉटेलात भजी व चहा होतो, आणि ती अंगठा देते. तिने तसे का करावे, असे शहरातले सुधारक विचारतात. अंगठा दिला नाही तर माहेर तुटते, आणि नवऱ्याने घराबाहेर काढले तर जावयास जागा उरत नाही. म्हणजे तिने सोडलेला एक-दीड एकर हा संकटकाळी चार दिवस माहेरी राहता यावे यासाठी भरलेला विम्याचा हप्ता असतो. तिचा व्यवहार पूर्ण विचारान्ती केलेला असतो. फरक एवढाच की हप्ता भरलेल्या विम्याचे पैसे बहुधा मिळत नाहीत.

म्हणूनच तेंडुलकरांच्या नाटकाच्या नावाविषयी एक तक्रार नोंदविणे प्राप्त आहे. गिधाड जिवंताला शिवत नाही. ते मेलेले खाते आणि शिवार स्वच्छ ठेवते. मराठवाड्यात ढोर मेले की गावाबाहेर टाकीत आणि गिधाडांचे थवे दोन-तीन घटकांत हाडे उघडी करीत, हे जुन्या माणसांना आठवत असेल. १९९० नंतरच्या दशकात देशातली गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या स्वस्त वेदनाशामकाचा अंश असलेले मांस खाऊन ती मेली. २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली तोवर फार उशीर झाला होता. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांचा याविषयीचा निबंध २०२४ साली प्रसिद्ध झाला. गिधाडे गेल्यामुळे कुजकी मढी, भटकी कुत्री आणि दूषित पाणी यांतून २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली असावीत, असा त्यांचा अंदाज आहे. ज्या पक्ष्याच्या नावाने नाटककाराने माणसाला शिवी दिली तो पक्षी गावाचा बिनपगारी सफाई कामगार होता. भाऊ जिवंत बहिणीचा घास काढून घेतो, आणि नाव मात्र गिधाडाचे होते! अर्थात तेंडुलकरांनी ते नाव दिले तेव्हा आकाशात गिधाडे घिरट्या घालीत होती, आणि नाटकात ऐकू येणारा त्यांचा चीत्कार प्रेक्षकाने गावाकडे प्रत्यक्ष ऐकलेला होता. आज तो आवाज ध्वनिमुद्रिकेतूनच आणावा लागेल.

‘गिधाडे’चे प्रयोग पाहिले ते मुख्यतः मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित प्रेक्षकाने, आणि त्याला धक्का बसला. ज्याला धक्का बसणार नाही असा प्रेक्षक लिंबाच्या झाडाखाली बसलेला आहे. अंबाजोगाई हे मुकुंदराज आणि दासोपंतांचे गाव. स्वामी रामानंद तीर्थांनी तेथे शाळा चालविली आणि तरुणांना निजामाविरुद्ध उभे केले. असल्या गावातल्या एखाद्या हौशी मंडळीने राज्य नाट्यस्पर्धेसाठी नवे चकचकीत नाटक शोधण्याऐवजी ‘गिधाडे’ हाती घ्यावे. भाषा फार बदलू नये. पितळ्यांचे घर पितळ्यांचेच राहू द्यावे. आडते आणि अर्जनवीस, तलाठी आणि मुकादम यांना पुढच्या रांगेत बोलवावे. तिकीट ठेवू नये. प्रयोग उसाचा हंगाम संपून माणसे परतल्यावर, चैत्र-वैशाखात लावावा, म्हणजे दोन्ही भाऊ गावात असतील.

दिग्दर्शकाने एवढे मात्र आधीच ठरवून ठेवावे की हा प्रेक्षक भलत्याच ठिकाणी हसेल. बापाकडून पैशाचा पत्ता काढण्याचा प्रवेश पुण्यात स्तब्धतेने पाहिला गेला असेल. येथे त्या वेळी मागच्या रांगेतून कोणीतरी ‘सही घे आधी!’ असे ओरडेल. नटांनी थांबू नये. पाय मोडलेली माणिक रंगमंचावर येईल तेव्हा बायकांच्या बाजूला काय होते तिकडे लक्ष द्यावे. साडीवरला डाग निळा करण्याचे कारण उरलेले नाही. तो लालच ठेवावा.